पहिले वाचन

वसईकडे आम्ही चर्चला देऊळच म्हणतो. त्या देवळाच्या दाराशेजारी एक फळा होता आणि पुढच्या रविवारी मिस्सेत, म्हणजे उपासनेत, वाचन कोणी करायचे त्यांची नावे त्यावर लागत. माझे नाव पहिल्यांदा लागले तेव्हा मी नववीत होते. घरात माझ्यापेक्षा आईलाच जास्त भरून आले. तिच्या लहानपणी मिस्सा लॅटिनमध्ये व्हायची. फादर लोकांकडे पाठ करून पुटपुटत, बाया आपापली रोझरी ओढत बसत. ४ डिसेंबर १९६३ला व्हॅटिकन परिषदेने उपासनेत लोकभाषेला वाट करून दिली आणि काही वर्षांत बायबलचा उतारा वाचायला बाकावरचा साधा माणूस उठू लागला. बाई वाचणार असेल तर तिने वेदीच्या जागेबाहेर उभे राहावे, अशी सुरुवातीच्या नियमांत तरतूद होती. रीतसर वाचकपद तर पोप फ्रान्सिस यांनी बायकांना खुले केले ते थेट २०२१मध्ये. तोवर माझ्यासारख्यांचे निम्मे आयुष्य बिनपदाने वाचण्यात गेले होते. वाचन काही अडले नाही.

आमची तयारी एक सिस्टर करून घेत. घरी आम्ही आमची कादोडी बोली बोलणार, पुस्तकातली मराठी वेगळी, त्यामुळे शनिवारी संध्याकाळी उतारा मोठ्याने वाचावाच लागे. पण सिस्टरचा कटाक्ष उच्चारांपेक्षा दुसऱ्याच गोष्टीवर. नाटक करायचे नाही. यशया संदेष्टा रागावला म्हणून तू रागवायचे नाहीस. वाक्य संपले की थांब, उतारा संपला की दोन श्वास थांब, मग जागेवर जा. वक्तृत्व स्पर्धेच्या सुरात हात उडवत वाचणारे वाचक मला आजही सोसवत नाहीत. माइकवर टिचकी मारणारे तर नाहीच नाही.

या वाचनांची एक खोड आहे, ती फिरून येतात. १९६९मध्ये ठरलेल्या क्रमानुसार रविवारच्या वाचनांची तीन वर्षे आहेत, अ, ब आणि क. अ वर्षात मत्तयचे शुभवर्तमान, ब वर्षात मार्क, क वर्षात लूक. शुभवर्तमान फादरांचे, त्याआधीची वाचने आमची. एकदा वाचलेला उतारा तीन वर्षांनी पुन्हा समोर येतो, पण वाचणारी तीच उरलेली नसते.

ब वर्षात, प्रायश्चित्तकाळाच्या दुसऱ्या रविवारी, अब्राहामाचे वाचन असते. देव त्याच्याकडे त्याचा एकुलता एक मुलगा मागतो आणि तो सुरी उचलतो. कॉलेजात असताना मी ते रहस्यकथेसारखे वाचले, पुढे काय होणार ते ठाऊक असूनही. पुढे एका ब वर्षी माझा मुलगा सासूबाईंच्या मांडीवर दुसऱ्या बाकावर होता. तेव्हा मला कळले की रविवारच्या उताऱ्यात मधल्या काही ओळी गाळल्या आहेत. डोंगर चढताना इसहाकाच्या पाठीवर लाकडे असतात आणि तो बापाला विचारतो, विस्तव आहे, लाकडे आहेत, मग कोकरू कुठे? हा प्रश्न रविवारी वाचावा लागत नाही. ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या जागरणात जुन्या करारातली सात वाचने असतात, तिथे अख्खी कथा येते. ते वाचन मात्र मी त्या वर्षी दुसरीला दिले. हातात सुरी घेतलेल्या बापापेक्षा तो साधा प्रश्न मला जड गेला.

वडिलांना विस्मृती जडल्यावर नाताळनंतरच्या रविवारी, पवित्र कुटुंबाच्या सणाला, बायबलमधल्या बेन सिराच्या पुस्तकातला उतारा माझ्याकडे आला. बापाची बुद्धी चालेनाशी झाली तरी त्याला सांभाळून घे, असे त्यात मुलाला बजावले आहे. वडील समोरच बसले होते, शेजारच्याला माझे नाव विचारत. सिस्टरचा नियम त्या दिवशी उपयोगी पडला.

मग बँकेने बदली केली ती थेट सिहोऱ्याला. तुमसर तालुक्यातले, मध्य प्रदेशाच्या हद्दीजवळचे गाव. भोवती धानाच्या बांध्या, जवळच चांदपूरचा मारुती आणि तलाव. धर्मप्रांत नागपूरचा. फादर अधूनमधून येत आणि केरळच्या एका नर्सबाईंच्या बैठकीत मिस्सा होई. जेवणाच्या टेबलावर पांढरी चादर घातली की झाली वेदी. जमणारे आम्ही मूठभर. त्यात डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणीवर कामाला असलेले, मूळ जशपूरकडचे एक उरांव कुटुंब. विधी हिंदीत, एक वाचन मराठीत. वाचनपीठ नव्हते. पुस्तक डाव्या हातावर पेलायचे आणि पंख्याने पान उलटू नये म्हणून उजवा अंगठा समासावर दाबून धरायचा.

शेजारच्या आजी श्रावणात पोथी लावत. एकदा कुंपणापाशी त्यांनी विचारले, "का वाचून रायल्या होत्या जी बाई? आमच्या पोथीवानीच वाटते." वाटणारच. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट गोव्याला आला आणि त्याने ख्रिस्तपुराण रचले ते ओवीत. १६१६मध्ये ते छापून निघाले. कथा कानांनी घ्यायची, हे त्याने इथेच ओळखले असणार. मी आजींना अब्राहामाची गोष्ट सांगितली. त्या म्हणाल्या, "आन् माय कोठी होती त्याची?" इसहाकाची आई सारा, तिचे नाव त्या कथेत कुठेच येत नाही, हे इतकी वर्षे माझ्या ध्यानात आले नव्हते.

आता पेन्टेकॉस्ट, पवित्र आत्म्याच्या आगमनाचा सण, जवळ आला आहे. त्या दिवशीचे पहिले वाचन वाचकांची परीक्षा पाहते. पार्थी, मेदी, एलामी, कप्पदुकिया, फ्रुगिया, पंफुलिया. इतक्या ठिकाणची माणसे, आणि प्रत्येकाला प्रेषितांचे बोलणे आपापल्या भाषेत ऐकू येते. आमच्या बैठकीत मल्याळम, कुडुख आणि कादोडी बोलणारे असतातच. यंदा ते वाचन खाणीवरच्या त्या कुटुंबातली मुलगी करणार आहे, ती तुमसरला मराठी शाळेत शिकते. तिने नावे पाठ केली आणि मला विचारले, "काकू, पंफुलिया आहे कुठे?" तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावर, असे सांगितले तर तिने मोबाइलवर शोधून खात्री करून घेतली.

मला प्रतिसाद स्तोत्र आले आहे. ते चालीवर म्हणायचे की नुसते वाचायचे, यावर नर्सबाईंचे आणि माझे एकमत अजून व्हायचे आहे.