मोजून केलेली माया

माया मोजता येत नाही, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. माझ्या आजीनं मात्र आयुष्यभर माया मोजूनच केली. मिनिटाला नाडीचे ठोके किती, श्वास किती, सलाईनचे थेंब किती, रात्रभरात लघवी किती झाली, याच हिशेबात तिची सदतीस वर्षं गेली. माझी आजी, म्हणजे आईची आई, नर्स होती.

१९६६ साली ती कोल्हापूरच्या थोरल्या दवाखान्यात रुजू झाली. पाटीवर आज त्याचं नाव छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, लोकांच्या तोंडी सीपीआर. पण आजीच्या पिढीला तो थोरला दवाखानाच. ‘ज्याला दुसरीकडं जायाला पैसा न्हाई, तो आमच्याकडं येतोय,’ असं ती अभिमानानं सांगायची.

तो काळ काचेच्या सिरिंजचा. वापरलेल्या सिरिंज आणि सुया धुवायच्या, पाण्यात उकळायच्या, बोथट झालेली सुई दगडावर घासून धार लावायची. रबरी हातमोजे धुऊन, वाळवून, पावडर लावून पुन्हा कामाला. रात्रपाळीला जरा उसंत मिळाली, की गॉजच्या घड्या करत बसायचं. एक लिटर सलाईन आठ तासांत द्यायचं, तर पंधरा थेंबांचा एक मिलिलिटर धरून मिनिटाला साधारण ३१ थेंब पडले पाहिजेत, हे गणित ती मला पाढ्यासारखं म्हणून दाखवी. सेकंदकाट्याचं घड्याळ हा तिच्या अंगावरचा एकमेव दागिना!

११ डिसेंबर १९६७ ची पहाट. चार वाजून गेले होते. कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा ती रात्रपाळीवर होती. कोल्हापूरही हादरलं. चालता येणारे सगळे बाहेर पळाले. ‘तुला भीती नाही वाटली?’ मी विचारलं. ‘वाटली की! पण दोघांना सलाईन चालू होतं. सोडून कुठं जाऊ?’ एवढंच उत्तर. त्यात शौर्याचा आव नव्हता.

एकदा एका रुग्णाच्या नातेवाइकांनी शेजारच्या खाटेवरच्या माणसाची जात काढली आणि आपली खाट बदलून मागितली. आजी म्हणाली, ‘दवाखान्यात सगळ्यांना सारखं वागवायचं, हा हुकूम शाहू महाराजांनी १९१९ सालीच काढलाय. मी न्हाई मोडणार.’ खाट बदलली नाही. उलट, दोघांचाही ताप तिनं एकाच वेळी घेतला.

शाळेत एकदा मी तिच्यावर निबंध लिहिला. ‘माझी आजी म्हणजे सेवेची देवी’ असं पहिलंच वाक्य. ते ऐकून ती खळखळून हसली. ‘अगं, देवीचा रोग देशातनं जावा म्हणून किती हातांनी सुया टोचल्या! १९७७ साली देश देवीमुक्त झाला म्हणून जाहीर केलं. आता परत मलाच देवी करून बसवतीस व्हय?’ मग गंभीर होऊन म्हणाली, ‘देवीला पगार लागत न्हाई, झोप लागत न्हाई. म्हणून लोकांना देवी परवडती.’ २२ मार्च २०२० च्या संध्याकाळी आमच्या गल्लीत थाळ्या वाजल्या, तेव्हाही ती गॅलरीत शांत बसून होती. ‘टाळ्या वाजवा की. पण एका नर्सच्या वाट्याला किती खाटा आल्यात, तेवढं कुणीतरी मोजा.’

हे सगळं ऐकायला छान वाटतं. घरात मात्र त्याची किंमत कुणीतरी मोजत होतं. माझी आई पाचवीत असताना तिला टायफॉईड झाला. आजी लहान मुलांच्या वॉर्डात रात्रपाळीला. जाताना भिंतीवर कागद लावून जायची: दर चार तासांनी ताप बघणे, पाणी उकळून गार केलेलेच देणे. ते सारं आजोबा करत. ‘मी तापात आई आई करत होते, आणि आई परक्याच्या पोराच्या उशाशी!’ हे आई पन्नाशीतही बोलून दाखवी. आजी गप्प राही. एकदाच म्हणाली, ‘तुझ्याजवळ तुझे बाबा हुते. त्या पोराजवळ कोण न्हवतं.’ आजीचं खरं होतं. आईचं दुखणंही खोटं नव्हतं. दोन्ही खऱ्या गोष्टी आमच्या घरात वर्षानुवर्षं शेजारी शेजारी नांदल्या.

आजोबा गेल्यावर आजी आमच्याकडे आली. पुढे तिचं हृदय थकलं. पायांवर सूज आली, दिवसभराचं पाणी मोजून द्यायचं ठरलं. आईनं एक वही केली. सकाळचं वजन, पाणी, लघवी, नाडी. आजी रोज चष्मा लावून ती वही तपासायची. ‘इथं वेळ लिहिली न्हाईस.’ आणि आईचा हात आपल्या मनगटावर नेमका ठेवून शिकवायची, ‘पंधरा सेकंद मोजून चारानं गुणू नको. नाडी चुकत असली, की पुरतं मिनिट मोजायचं.’

त्या पुरत्या मिनिटात दोघी बोलत नसत. आईची नजर घड्याळावर, आजीची आईवर. बालपणी जे मिळालं नाही असं आईला वाटत होतं, ते त्या खोलीत मिनिटामिनिटानं भरून निघत होतं, असं मला दारातून बघताना वाटे.

२०२२ च्या पावसाळ्यात आजी गेली. वही आईनं जपून ठेवली आहे. शेवटच्या पानावर नाडीचा आकडा आहे, पुढे वेळ आहे: पहाटे ४.१०. त्याखालच्या ओळी कोऱ्या. त्या दिवशी आई मला म्हणाली, ‘आई त्या पोराच्या उशाशी बसून काय करत होती, ते मला आत्ता कळलं गं.’