'छान होतं' च्या पुढे काय?

मुलांचं सादरीकरण संपलं की टाळ्या वाजतात. "कसं वाटलं?" विचारलं की वर्ग एका सुरात म्हणतो, "छान होतं!" नाहीतर कोणीतरी चूक काढतं आणि सगळे हसतात. पुढच्या वेळी नेमकं काय करायचं, ते दोन्हींतून कळत नाही.

आमच्या वडगाव मावळला विषयांची कमी नाही. सातवीच्या एका मुलीने वडगावचा तह घेतला. जानेवारी 1779 मध्ये बोरघाट चढून आलेल्या इंग्रज फौजेला मराठ्यांनी इथे कोंडलं आणि तह करायला लावला. एका मुलाने इंद्रायणी भात घेतला. हे वाण 1987 साली वडगावच्याच भात संशोधन केंद्रातून आलं. घरी भातशेती, त्यामुळे त्याला सगळं ठाऊक. पण पहिल्याच वाक्यात तो "पानी" म्हणाला, मागच्या बाकांवर हसू फुटलं आणि तो तसाच खाली बसला.

मग वर्गाने मिळून तीन गोष्टी ठरवल्या.

1. आवडलेली एक गोष्ट नेमकी सांगायची. नुसतं "छान" चालणार नाही.
2. खरंच पडलेला एक प्रश्न विचारायचा.
3. पुढच्या वेळी करता येईल अशी एकच सूचना द्यायची.

आणि बोलायचं ते मांडणीवर. घरच्या बोलीवर, कपड्यांवर, अडखळण्यावर नाही.

तह सांगणाऱ्या मुलीला मैत्रिणीने विचारलं, "तळेगाव जाळलं हे लक्षात राहिलं गं, पण आपल्याच लोकांनी का जाळलं?" तिने पुन्हा वाचलं आणि दुसऱ्या दिवशी सांगितलं, "शत्रूला दाणावैरण मिळू नये म्हणून." भातवाल्या मुलाला परत उभं केलं तेव्हा पहिला प्रश्न आला, "रोपं किती दिवसांची झाली की लावता रे?" कागद बाजूला ठेवून तो बोलत राहिला. "पानी"च म्हणाला. कोणी हसलं नाही.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातल्या समग्र प्रगतिपत्रकात सहाध्यायींनी केलेलं मूल्यमापनही आहे. पण रकान्यात बरोबरची खूण केली म्हणजे अभिप्राय झाला, असं नाही. तो द्यायला शिकवावा लागतो.

पालकांनो, घरीही "मस्त रे बाळा" वर थांबू नका. "यातलं काय सांगताना मजा आली?" एवढं विचारून बघा. मूल बोलायला लागेल.