डफाचं पान

डफ तापवताना येणारा वास एकदा नाकात बसला की जन्मभर जात नाही. आधी जळत्या कागदाचा, मग धुराचा, आणि धूर विरत आला की त्याच्या आतून हलकेच वर येणारा, थोडा करपट, थोडा ओशट असा तापल्या कातड्याचा. आता तो सहसा भेटत नाही. कधी गावच्या जत्रेत, कधी शिवजयंतीच्या मांडवामागे, लोक सगळे स्टेजकडे तोंड करून बसलेले असतात आणि मागच्या अंधारात कुणीतरी उकिडवं बसून जाळावर डफ फिरवत असतं, तिथून तो अवचित येतो. आणि मग पुढे जाऊन जागा धरायचं सोडून मी तिथेच घोटाळत राहतो.

माझ्या मनात त्या वासाला दुसऱ्या एका वासाची जोड आहे, रबर सोल्यूशनची. संगणक टेबलावर येण्याआधी ज्यांनी जाहिरातींची आर्टवर्क हातानं केली, त्यांना हा वास सांगावा लागणार नाही. ब्रोमाइडवर उतरलेला मजकूर कटरनं ओळओळ कापायचा, पाठीला सोल्यूशन लावायचं, टी-स्क्वेअरला टेकवून पांढऱ्या बोर्डावर सरळ बसवायचा, आणि कडेनं बाहेर आलेलं सोल्यूशन वाळलं की बोटानं चोळून चोळून काढायचं. रात्री जेवायला बसलं तरी बोटांना तो वास असायचा. तेव्हा ऐंशीचं दशक सरत आलं होतं आणि मी कोल्हापुरात जाहिराती करत होतो. आमच्याकडे चित्रकाराला पेंटर म्हणतात. बाबूराव पेंटरांच्या गावात कुणी आपल्याला त्या नावानं हाक मारली की अजूनही ऊर भरून येतो.

शाहिरांनी मला तीच हाक मारली होती. त्यांच्या पोवाड्यांची कॅसेट निघाली होती आणि तिची जाहिरात एका दिवाळी अंकात द्यायची होती. आतलं, अर्धं, काळं-पांढरं पान. दिवाळी अंकाची पानं छापखान्यात जातात ती गणपती-नवरात्राच्या सुमाराला. पाऊस पुरता गेलेला नसतो, पंचगंगा नुकती घाटाखाली उतरलेली असते, घरांच्या भिंती अजून ओल धरून असतात. अशा एका संध्याकाळी शाहीर आले. बरोबर तुणतुण्याची साथ करणारा धाकटा भाऊ आणि दोघे झीलकरी. कॅसेट ऐकवायला म्हणून आले खरे, पण माझ्या टेपरेकॉर्डरकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. "पेंटर, ह्यात काय ऐकताय? समोर ऐका, आनि मग काढा," असं म्हणत त्यांनी पिशवीतून डफ काढला, त्यावर बोट मारलं आणि मान हलवली. ओलीनं कातडं उतरलं होतं. आवाज भद्द, बसलेला.

"रद्दी हाय का जरा?"

मी वर्तमानपत्रांचा गठ्ठा दिला. मागच्या अंगणात शाहिरांनी एकेक पान चुरगळून जाळ केला. लाकडाचा जाळ कातड्याला सोसत नाही. कागद किंवा उसाचं पाचट, भरकन पेटून भरकन विझणारं असं काहीतरी लागतं. त्यावर ते डफ भाकरीसारखा फिरवत राहिले, जवळ नेत, लांब घेत, मधूनच कडेला टिचकी मारून कानाशी धरत. मी त्यांच्या समोर बसलो होतो, म्हणजे जाळ, मग डफ आणि मग मी. अंधार पडत होता आणि त्या पातळ कातड्यातून उजेड माझ्याकडे येत होता. कातड्यातल्या शिरा दिसत होत्या, एका बाजूला जुना शिवणीचा टाका दिसत होता, आणि जिथे बोटं पडतात तिथे वर्षानुवर्षांच्या घामानं झालेला काळसर डाग, आंब्याएवढा, उजेडाला आडवत होता. पलीकडून शाहिरांनी पंजा टेकवला की पाचही बोटांची सावली त्यावर उमटे आणि थाप पडली की ती सावली क्षणभर थरथरे. आवाज चढत चालला होता. भद्दचा ढप्प झाला, ढप्पचा टण्ण झाला, आणि मग एक थाप अशी आली की अंगणाच्या भिंतीवरून ती परत आमच्याकडे फिरली.

काय तो आवाज.

त्यानंतर ते गायले. तुणतुण्याची एकच तार सगळ्यांच्या पायाखाली जमीन अंथरत होती, शाहीर एका दमात चौक म्हणून जात होते, आणि त्यांचा श्वास सरतो सरतो तोच झीलकरी 'जी जी' उचलून धरत होते. पोवाडा शाहिराचा म्हणतात, पण तो माणूस श्वास घेतो ती जागा झीलकऱ्यांची असते. ते नसतील तर पोवाडा तिथे पडेल. हे मी त्या अंगणात, अगदी जवळून, पहिल्यांदा पाहिलं.

मग पानाशी बसलो. कागद मुका आणि सांगायचं होतं ते सगळं आवाजाचं.

कॅसेटवाल्यांना किल्ला हवा होता. किल्ला, ढाल-तलवार, तुतारी, झेंडा आणि कोपऱ्यात चांदणीत किंमत. पोवाडा म्हटला की हे ठरलेलंच. पण किल्ला छापून डफ ऐकू येत नाही, असं माझं तेव्हाही मत होतं आणि आजही आहे. मला तो जाळामागचा डफ हवा होता. एका मित्रानं तसाच, मागून उजेड घेऊन, फोटो काढला. पानाच्या डाव्या कडेनं मी तो कापला, इतका की डफाचा जेमतेम निम्मा गोल पानात राहिला आणि उरलेला गोल पानाबाहेर कुठेतरी आहे असं वाटावं. त्या गोलावर पाच बोटांची सावली. उजवीकडे कोरी जागा. स्क्रीन टाकून आलेल्या पॉझिटिव्हवर भिंग धरलं तेव्हा कातड्याच्या शिरांचे बारीक, विरळ ठिपके आणि घामाच्या डागाचे दाट, एकमेकांत मिसळू पाहणारे ठिपके वेगवेगळे दिसत होते. तेवढं मला पुरे होतं.

कॅसेटचं नाव मी टाइपात लावलं नाही. नाटकांच्या जाहिरातींत कमल शेडगे यांची अक्षरं पाहत आमची पिढी शिकली. नाटकाचं नाव वाचायच्या आधीच ते नाटक कशा जातीचं आहे हे त्या अक्षरांच्या उभं राहण्यावरून कळायचं. तशी अक्षरं माझ्या हातून येणार नव्हती, पण बोरू होता. रुंद कत मारून घेतली आणि नाव लिहिलं, पहिलं अक्षर जड, पुढची दोन हलकी, मग पुन्हा जड. शाहिरांनी ते बोटानं टेबलावर वाजवून पाहिलं आणि काही न बोलता हसले.

त्या कॅसेटचं मोल काय होतं हे आज सांगायला हवं. तबकड्यांच्या काळात ७८ च्या रेकॉर्डच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मिळायची. तीन मिनिटांत पोवाड्याचं नमनही धड होत नाही. गादीवर कोण बसलं, विडा कुणी उचलला, हे सांगता सांगता सुई आतल्या कडेला जाते. साठ मिनिटांच्या कॅसेटनं एका बाजूला तीस मिनिटं दिली आणि पोवाड्याला पाय पसरायला जागा मिळाली. भरवस्तीतल्या छोट्या दुकानांतून, यष्टी स्टँडावरून, देवळांच्या वाटेवरून लोककलावंतांच्या कॅसेटी घरोघर गेल्या. नावाजलेल्या कंपन्यांच्या यादीत न बसणारे कितीतरी आवाज तेव्हा पहिल्यांदा टिकून राहिले.

त्या संध्याकाळी शाहीर निघताना दारात थांबले होते. "पेंटर, माझं नाव बारीक झालं तरी चालंल, पर ह्यास्नी इसरू नगासा," असं म्हणत त्यांनी भावाच्या आणि झीलकऱ्यांच्या पाठीवर आळीपाळीनं हात ठेवला. कॅसेटच्या इनले कार्डावर ती नावं नव्हती. जाहिरातीत घालायला कॅसेटवाल्यांचा नकार होता, लोक नाव बघून कॅसेट घेतात, तुणतुणं बघून नाही, असं त्यांचं म्हणणं. मी कोरी जागा थोडी दिली आणि नावं घेतली. दर पानाला असतो, अक्षराला नसतो.

आणि त्यात नवं काही नव्हतं. आपल्या शाहिरीची रीतच ती आहे. शेवटच्या चौकात शाहीर आपलं नाव गुंफतो आणि पुष्कळदा गुरूचं, साथीदारांचंही गुंफतो. होनाजी शिलारखाने कवनं रचायचे आणि बाळा करंजकर ती गायचे; महाराष्ट्रानं त्या दोघांना वेगळं केलं नाही, आजही आपण एका दमात होनाजी-बाळा म्हणतो. अॅक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी पोवाडे गोळा करून १८९१ साली छापले तेव्हा कागदावर शब्द आले; पण त्या शब्दांमागे ज्यांनी 'जी जी' धरली त्या असंख्य गळ्यांपैकी किती जणांची नावं उरली? मला त्या चार माणसांची नावं एका पानावर, एका मापाच्या अक्षरांत हवी होती. शाहिरांचं नाव वर, डफाजवळ. बाकीची खाली, एका ओळीत, स्वल्पविरामांनी जोडलेली.

तशीच ती छापून आली. एका साखर कारखान्याच्या शुभेच्छांच्या वर, अर्ध्या पानात.

ती कॅसेट आता मिळत नाही. फीत ताणली जाते, बुरशी धरते. छोट्या कंपन्या बंद पडल्या की मूळ ध्वनिमुद्रणं कुणाकडे गेली हेही कळत नाही. मग अशा एखाद्या शाहिरानं कधी काय गायलं आणि साथीला कोण होतं, याचा छापील पुरावा पुष्कळदा एवढाच उरतो, जुन्या अंकातली जाहिरात. १९०९ साली 'मनोरंजन'नं दिवाळी अंकाची प्रथा सुरू केली, तेव्हापासून आपण या अंकांतल्या कथा-कविता जपत आलो. ज्यांच्या पैशावर अंक निघतात ती जाहिरातींची पानं मात्र बांधणीच्या वेळी काढून टाकण्याची सवय ग्रंथालयांनाही आहे आणि घरांनाही. तुमच्या माळ्यावर जुने दिवाळी अंक असतील, आणि कधी ते बांधायला द्याल, तर बाइंडरला एवढं जरूर सांगा, की जाहिरातींची पानं काढू नका, सगळी ठेवा.