परळच्या वाटेवरचे जेवण

गेल्या पावसाळ्यात थोरल्या बंधूंना घेऊन नऊ दिवस मुंबईत काढावे लागले. परळला केईएम आणि टाटा ही दोन मोठी रुग्णालये आहेत. पहिले 1926 सालचे, दुसरे 1941 सालचे. गावाकडचे दुखणे हाताबाहेर गेले की आपल्यापैकी पुष्कळांना ही वाट धरावी लागते. तिथे डॉक्टर रोग्याची काळजी घेतात, पण सोबत गेलेल्याच्या पोटाची काळजी ज्याची त्यालाच करावी लागते. म्हणून हे चार शब्द.

पहिल्या दिवशी आम्ही फसलो. एस.टी.तून उतरलो, भूक लागलेली, समोर दिसले त्या हॉटेलात शिरलो. वेटरने विचारले, ‘‘पाणी बाटलीचं ना?’’ मी मान हलवली. पापड आला, दही आले, आपण समजलो ताटातलेच. बिल पाहिले तेव्हा कळले की प्रत्येक वस्तूचा दाम वेगळा! दादा दोन घासांवर उठलेले. मला म्हणाले, ‘‘लेका, बियाण्याच्या पिशवीवरचं लेबल वाचायला आम्हाला शिकवतोस, आन् हितं फळा वाचला न्हाईस व्हय?’’ तीस वर्षे विस्तार खात्यात काढलेल्या माणसाला हा टोला बरोबर बसला.

दुसऱ्या दिवसापासून मी शेतात पीक पाहणी करावी तसा तो भाग पायांखाली घातला. मुख्य रस्ता सोडून एक गल्ली आत गेले की भाव उतरतो, हे पहिले शिक्षण. जिथे टॅक्सीवाले, हमाल, कारकून रांगेत उभे असतात तिथे अन्न ताजे असते, हे दुसरे. रोज जेवणारा माणूस एकदा फसेल, दुसऱ्यांदा फिरकणार नाही.

आमचे चुलते लालबागला गिरणीत होते. साताऱ्याकडचे, कोकणातले असे हजारो गडी तेव्हा महिन्याच्या बोलीवर खानावळीत जेवत. गिरणगावातल्या बायाच घरात भाकऱ्या थापून त्यांना वाढत. 1975 साली प्रेमाताई पुरव यांनी या बायांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि त्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. पुढे 1982 चा संप झाला, गिरण्या बंद पडत गेल्या आणि खानावळींची भांडीही थंडावली. तरी घरगुती जेवण देणाऱ्या बाया अजून भेटतात. रुग्णालयातल्या जुन्या सेवकाला किंवा शेजारच्या खाटेवरच्या नातेवाइकांना विचारावे. आठवडाभर राहणार असाल तर रोजच्या डब्याचा भाव ठरवून घ्यावा. एकेका जेवणापेक्षा तो स्वस्त पडतो.

परळच्या पुढचे स्टेशन दादर. तिथे पश्चिमेला मामा काणे यांचे 1910 साली सुरू झालेले उपाहारगृह. बटाटेवडा, थालीपीठ, साबुदाणा वडा अशी आपल्या ओळखीची चव दादरला पुष्कळ ठिकाणी मिळते. सकाळी तपासणीला उपाशी आलेल्या माणसाला दुपारी असे काही समोर आले की धीर येतो.

दादरच्या पुढे माटुंगा. हा दक्षिणेकडच्या लोकांचा भाग. किंग्ज सर्कलला 1940 सालचे कॅफे मद्रास आहे आणि मध्य रेल्वेच्या माटुंगा स्टेशनाजवळ रामा नायक यांनी 1942 साली काढलेली उडुपी खानावळ. तिथे जेवणाचे दोन प्रकार आहेत. एक ताटातले, मोजके. दुसरे केळीच्या पानावरचे, पोटभर. भाव अर्थातच वेगळे. आपली भूक ओळखून निवड करावी. कमी खाणाऱ्याने पोटभर जेवणाचे पैसे भरणे म्हणजे एक एकराला दोन एकरांचे खत विकत घेण्यासारखे.

सातव्या दिवशी दादांना घेऊन तिथे गेलो. औषधांनी त्यांच्या तोंडाची चव गेली होती. आठवडाभर चहा-बिस्किटांवर होते. हळूहळू जिना चढलो. मी पानावर बसलो, त्यांच्यासाठी ताट सांगितले. पान पाहून माझ्यातला शेतीवाला जागा झाला. शेंडा डावीकडे, कुठे चीर नाही. घडापलीकडे पानालाही गिऱ्हाईक असते, हे आपण विसरतो. मी पान न्याहाळत होतो, तोवर दादांनी भातावर रसम घेतले. एक घास, दुसरा घास. मग ताक मागितले. ताट रिकामे झाले तेव्हा म्हणाले, ‘‘आईच्या कटाच्या आमटीची याद आली रं.’’

नऊ दिवसांत मी पहिल्यांदा निर्धास्त जेवलो.

वाचकहो, मुंबईला जाणे कुणाच्याही वाट्याला न येवो. पण आलेच तर उपाशी राहू नका. रोग्याला आधार द्यायला सोबतच्याच्या अंगात बळ हवे. बसण्याआधी फळा वाचा. ताटात काय काय येते आणि कशाचे पैसे वेगळे, हे विचारायला लाजू नका. साधे पाणी मागा. राईस प्लेट बहुधा ठराविक वेळेतच मिळते, ती वेळ विचारून ठेवा. पथ्य असेल तर डॉक्टरांना विचारूनच रोग्याला बाहेरचे द्या.

दादा आता घरी आहेत. परवा वहिनींना सांगत होते, ‘‘पुढच्या तपासणीला तूबी चल. माटुंग्याला जेवू.’’ दवाखान्याचे नाव काढले की गप्प होणारा माणूस आता जेवणाचे बोलतो, हे मला औषधाइतकेच मोलाचे वाटते.