परधानाच्या गळ्यातले दैवत

इंद्रवेल्ली, जि. आदिलाबाद
पौष अमावास्येनंतर

चि. वैदेहीस,

आदिलाबादच्या राजगोंडांचे कुलदैवत म्हणजे पेर्सापेन. त्याला मूर्ती नाही. लोखंडी भाल्याचे पाते आणि चवरी एवढीच त्याची खूण. कुळाचा पुजारी, म्हणजे कटोडा, ती सांभाळतो आणि एरवी ती लोकांच्या नजरेआड असते. वैशाखाच्या सुमारास आणि पौषात कुळ जमते, तेव्हा ती बाहेर निघते. पण खूण बाहेर काढली म्हणजे पूजा झाली, असे होत नाही. देव कुठून आला, मूळपुरुष कोण, कुळ कोणत्या वाटेने या डोंगरांत पोचले, हे सगळे गाऊन सांगावे लागते. आणि ते गाण्याचा मान गोंडाचा नाही, परधानाचा आहे.

परधान ही गोंडांची पिढीजात गायक जमात. यजमान घराणी ठरलेली आणि कुळाचे नावही यजमानाचेच: मेश्राम गोंडांचा परधान मेश्रामच. गाण्याला साथ किंगरीची, म्हणजे गजाने वाजणाऱ्या तंतुवाद्याची, आणि पेपरे या सुषिरवाद्याची. महाराष्ट्रातला गोंधळी लग्नघरी कुलदेवतेला बोलावतो, त्या नात्याशी हे नाते जुळते, पण इथे बांधिलकी अधिक घट्ट आहे. गोंड वारला की त्याच्या परधानाला बोलावणे जाते. त्याच्या गाण्यावाचून मृताचा सनाल, म्हणजे देहापलीकडे उरलेला अंश, पूर्वजांत आणि पेर्सापेनात सामावत नाही, अशी श्रद्धा आहे. मोबदल्यात मृताच्या वस्तूंतला वाटा आणि धान्य मिळे.

मराठी वाचकाने थबकावे अशी गोष्ट पुढे आहे. आदिलाबादच्या परधानांची घरची बोली मराठी. चुलीपाशी, बाजारात, मुलांशी ते मराठी बोलतात आणि देवापुढे बसले की गोंडीत गातात. म्हणजे गोंडांचे धर्मकाव्य ज्यांनी जपले, त्यांच्यातल्या बहुतेकांची मायबोली वेगळी होती. तोटी ही दुसरी, फार लहान गायक जमात. तिची घरची बोली मात्र गोंडीच. एका समाजाची श्रद्धा दुसऱ्या समाजाच्या स्मरणशक्तीवर इतकी पूर्ण विसंबून राहते, याची याहून ठळक उदाहरणे भारतात फार नसावीत. गोंडाला आपले मूळ शोधायचे तर स्वतःच्या घराबाहेर, गायकाच्या दारी जावे लागते.

या काव्याचा गाभा म्हणजे गुहेतल्या देवांची कथा. गोंडांच्या आदिदेवांना शंभू महादेवाने गुहेत कोंडले. जंगुबाईने त्यांना पोसले. पहांदी कुपार लिंगालने त्यांची सुटका करून त्यांना चार सग्यांत, म्हणजे कुळसमूहांत, वाटले. चार देवांचा, पाच, सहा आणि सात देवांचा असे हे सगे. एका सग्यात आपसात सोयरीक होत नाही. तेव्हा ही कथा उत्पत्तीची आहे आणि लग्न ठरवायचा कायदाही तीच आहे. तिच्यात पहिला गायक हिरासुका पाटालीर हाही येतो. गायकाने स्वतःच्या पूर्वजाला देवांच्या सुटकेत जागा ठेवली आहे, आणि ती त्याला शोभतेही. गुहेची जागा मात्र एक नाही. आदिलाबादकडचे लोक तेलंगण-महाराष्ट्र सीमेवरच्या डोंगरातल्या जंगुबाईच्या स्थानाकडे बोट दाखवतात. पूर्वेकडचे गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकसा तालुक्यात माघ पौर्णिमेला कचारगडची गुहा चढतात. मूळ एकच असल्याचा हट्ट या परंपरेने धरला नाही.

लेखनात ही कथा प्रथम नागपूरकडून आली. स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्याने लिंगोचे, म्हणजे याच लिंगालचे, दीर्घ गीत एका परधानाकडून उतरवून घेतले. हिस्लॉप 1863 मध्ये बुडून वारल्यावर रिचर्ड टेंपल यांनी ते 1866 मध्ये प्रसिद्ध केले. आदिलाबादच्या संहितांना त्यानंतर सुमारे ऐंशी वर्षे थांबावे लागले. 1940 मध्ये जोडेघाटच्या डोंगरात गोंडांच्या उठावाचा नेता कोमराम भीम मारला गेला. जंगल आणि जमिनीसाठी गोंड का उठले, हे समजून घ्यायला निजाम सरकारने ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांची मदत घेतली. पत्नी बेटी यांच्यासह ते मारलवाईत राहिले. 1943 मध्ये तिथे गोंडांसाठी शिक्षणकेंद्र सुरू झाले, गोंडी वाचनपुस्तके देवनागरीत निघाली, आणि 1948 मध्ये त्यांचा राजगोंडांच्या पुराणकथा व विधींवरचा ग्रंथ आला. तक्रारीची कारणे शोधायला आलेला माणूस परधानांपाशी बसून राहिला, हे उगाच झाले नाही. जमीन कोणाची, याचे गोंडांचे उत्तर त्या गाण्यांतच होते: कोणते कुळ कोणत्या डोंगराशी, कोणत्या ओढ्याशी बांधलेले, ते तिथे नावानिशी येते.

कुळाचे भूमीशी असलेले तेच नाते केसलापूरच्या नागोबा जत्रेत आजही पायांनी चालून दाखवले जाते. पौष अमावास्येच्या पूजेसाठी मेश्राम कुळ गोदावरीचे पाणी कलमडुगूहून पायी आणते. नव्या सुनांची देवाशी भेट घडवली जाते. ती झाल्यावरच त्या कुळाच्या होतात. परधान नागोबाची कथा गातात. 1956 मध्ये हैदराबाद राज्याची वाटणी झाली, राजुरा आणि किनवट आदिलाबादेतून निघून मराठी मुलखात गेले, तरी यात्रेकरूंची वाट राज्याच्या सीमेवर अडली नाही.

मात्र गायकाची वाट अरुंद झाली आहे. यजमानाकडून मिळणाऱ्या धान्यावर आज घर चालत नाही, आणि लांबलचक कथा मुखोद्गत करायला जी वर्षे लागतात, ती शाळेने आणि मजुरीने घेतली. ही हानी खरी आहे. जतनाच्या कुठल्याही योजनेने ती झाकू नये. दुसऱ्या बाजूला नारनूर मंडळातल्या गुंजाला गावी जुन्या गोंडी लिपीतली हस्तलिखिते उजेडात आली, ती लिपी 2018 मध्ये युनिकोडमध्ये गेली, आणि आकाशवाणीच्या आदिलाबाद केंद्रावरून गोंडी ऐकू येते. विदर्भाच्या भुजंग मेश्रामांसारख्या कवींनी आदिवासी मुळांचा शोध मराठी मुक्तछंदात घेतला. त्यांच्या ‘उलगुलान’ या संग्रहाचे नाव तर थेट बिरसा मुंडांच्या बंडाचे. ही कविता आणि परधानाचे गाणे यांची सरमिसळ करू नये. छापील कवितेतला कवी एकटा शोधतो, त्याला प्रश्नापाशी थांबता येते. परधानाला थांबता येत नाही. समोर शोक करणारे घर बसलेले असते, आणि मृताला त्याच्या पूर्वजांपर्यंत नेऊन पोचवेपर्यंत गाणे पुरे होत नाही.

तुझा,
काका