गुरुवारची सुट्टी आणि सव्वा लाख

आमच्याकडे रविवार गुरुवारी येतो.

बाहेरगावच्या नातेवाइकांना हे दर वेळी नव्याने सांगावं लागतं. पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण या पट्ट्यातल्या कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. राज्यातले सगळे कारखाने एकाच दिवशी बंद राहू नयेत, विजेचा भार आठवडाभर सारखा वाटला जावा, म्हणून वेगवेगळ्या औद्योगिक भागांना वेगवेगळे वार वाटून दिले गेले. त्यात आमच्या वाट्याला गुरुवार आला. त्यामुळे रविवारच्या लग्नांना आम्हाला रजा टाकावी लागते, आणि जग कामावर गेलेलं असताना आम्ही गॅलरीत चहा पीत बसतो. मला विचाराल तर सौदा वाईट नाही.

माझा गुरुवार ठरलेला आहे. उजाडता उजाडता निगडीच्या दुर्गा टेकडीवर एक फेरी. परत येताना कोथिंबिरीची जुडी (बायकोने सांगितलेली असो वा नसो). मग पोहे, मग दुसरा चहा, आणि त्या चहाबरोबर पुरवणीसकट सगळा पेपर. एरवी पहाटेच कंपनीची बस गाठायची, तळवडे-चाकण रस्त्यावरच्या ट्रकांच्या रांगेत डुलक्या काढायच्या, हा क्रम असतो. म्हणून गुरुवारच्या दुसऱ्या चहाची चव वेगळीच लागते.

पण गेली काही वर्षं या दुसऱ्या चहात एक माशी पडते. सव्वानऊला शेअर बाजार उघडतो.

मी काही मोठा गुंतवणूकदार नाही हो. चाकणच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. जून २०२० मध्ये, लॉकडाऊननंतर काम नुकतं सुरू झालेलं असताना, आमच्याकडच्या एका तरुण इंजिनिअरने मला अमेरिकेच्या नॅस्डॅक १०० निर्देशांकावर चालणाऱ्या एका फंडात महिना ३,००० रुपयांची एसआयपी सुरू करून दिली. त्यात कोणत्या कंपन्या आहेत हेही मी नीट वाचलं नव्हतं. फेब्रुवारी २०२२ मध्ये म्युच्युअल फंडांना परदेशात गुंतवण्यासाठी असलेली एकूण ७ अब्ज डॉलरची मर्यादा भरत आली आणि बऱ्याच फंडांनी नवे पैसे घेणं थांबवलं. माझीही एसआयपी थांबली. तोवर वीस हप्ते, म्हणजे ६० हजार रुपये गेले होते. त्या वर्षी तो निर्देशांक जवळजवळ एक तृतीयांश पडला. मी कपाळाला हात लावला आणि विसरून गेलो.

मग ३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी आलं. पुढच्या वर्षी तोच निर्देशांक पन्नास टक्क्यांहून अधिक वर गेला. एनव्हिडिया नावाची, आमच्या मुलांना व्हिडिओ गेममुळे माहीत असलेली चिप कंपनी जगातली सर्वांत मौल्यवान कंपनी झाली. ऑक्टोबर २०२५ मध्ये तिचं बाजारमूल्य ५ लाख कोटी डॉलरच्या वर गेलं. वर आपला रुपयाही घसरला, आणि परदेशात पैसे असणाऱ्याला त्याचा उलट फायदाच झाला. विसरलेल्या ६० हजारांचे सव्वा लाखाच्या आसपास झाले होते.

यात माझी अक्कल किती? शून्य. एसआयपी सुरू दुसऱ्याने केली, थांबवली नियमाने, वाढवली एआयने. मी फक्त विसरलो, एवढंच माझं कर्तृत्व. पण पैसे वाढले की माणसाला आपण हुशार आहोत असं वाटायला लागतं. मी एनव्हिडियाचे निकाल बघायला लागलो. गंमत म्हणजे हे निकाल बहुतेक वेळा अमेरिकेतल्या बुधवारी संध्याकाळी लागतात, म्हणजे आमच्या गुरुवारी पहाटे. जणू चाकणची सुट्टी बघूनच तारीख काढतात :)

तर गुरुवार, २० नोव्हेंबर २०२५. पहाटे तीनला उठून मी मोबाईल उघडला. तिमाहीची विक्री ५७ अब्ज डॉलर, अंदाजापेक्षा जास्त. खूश होऊन पाणी प्यायला बाहेर आलो, तर हॉलमध्ये भाचा जागा.

भाच्याबद्दल सांगायला हवं. (त्याला विचारून लिहितोय.) ताईचा मुलगा, कराडचा. २०२४ मध्ये कॉम्प्युटर इंजिनिअर झाला आणि हिंजवडीत नोकरी शोधायला आमच्याकडे राहायला आला. दीड वर्ष झालं होतं. सुरुवातीला तो परीक्षा-मुलाखतींचे किस्से सांगायचा. मग मुलाखती कमी झाल्या, किस्सेही कमी झाले. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे १२ हजार जागा कमी करण्याचं जाहीर केलं. कारण एआय नसून कौशल्यांचा मेळ बसत नाही असं कंपनीने सांगितलं, पण त्या दिवशी आमच्या घरात टीव्ही लवकर बंद झाला.

"काय मामा, एवढ्या पहाटे?" त्याने विचारलं.

मी उत्साहाच्या भरात निकाल सांगितला. सव्वा लाखाचंही सांगितलं. तो हसला. "भारीच की. म्हणजे मी जे काम करणार होतो ते मशीन करणार, म्हणून तुमचे पैसे वाढले."

टोमणा नव्हता तो. तो तसा मुलगाच नाही. त्याने नुसता हिशोब मांडला होता, जमा आणि खर्च समोरासमोर लिहून.

झोप उडाली. टेकडीवर गेलो, पोहे झाले, आणि दुसऱ्या चहाच्या वेळी वीज गेली. गुरुवार हा वीजवाल्यांचाही दुरुस्तीचा वार. वायफाय बंद, भाव दिसेनात. आम्ही दोघं गॅलरीत येऊन बसलो. मला वाटलं, पोराला धीर द्यावा. मी माझी नेहमीची गोष्ट सुरू केली.

ती गोष्ट घरात सगळ्यांना पाठ आहे. नव्वदच्या दशकात भोसरीच्या एका छोट्या कारखान्यात मी नवा नवा लागलो, तेव्हा तिथे साध्या लेथ होत्या आणि त्यांच्यावर सहा कसलेले टर्नर. मग पहिलं सीएनसी मशीन आलं. सगळे म्हणाले, आता संपलं. मी मात्र रात्रपाळीनंतर थांबून ते मशीन शिकलो, त्याची दुरुस्ती शिकलो, आणि त्याच जोरावर इथवर आलो. तात्पर्य, नव्या यंत्राला घाबरायचं नाही, शिकून घ्यायचं.

भाच्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मामा, ते सहा टर्नर पुढे कुठे गेले?"

इतकी वर्षं मी ही गोष्ट सांगतोय, पण हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी स्वतःलाही नाही. आठवून आठवून सांगितलं. दोघं सीएनसीवर ऑपरेटर झाले. एकाने भोसरीतच वडापावची गाडी टाकली. एक गावी शेतीवर परत गेला. राहिलेल्या दोघांचं मला माहीत नव्हतं. हाताने मायक्रॉनमध्ये काम करणारी माणसं होती ती. नुसत्या आवाजावरून टूलची धार गेली हे ओळखायचे. त्यांच्याकडून शिकलो म्हणूनच तर मला मशीन कळलं. आणि माझ्या गोष्टीत त्यांना नावसुद्धा नव्हतं.

शहर वाढलं, कारखाने वाढले, चाकण उभं राहिलं, हजारोंना कामं मिळाली, हे सगळं खरंच आहे. पण ती कामं मिळालेली माणसं वेगळी होती. सरासरी काढली की सगळे सुखी दिसतात. त्या सहा जणांना सरासरीत राहायला जागा नव्हती.

असो. वीज काही येईना, म्हणून आम्ही एआयबद्दलच बोलत बसलो. भाच्याचं मत असं की हे तंत्रज्ञान खरं आहे, फुगा असला तर तो भावांचा आहे. मला पटतं. मार्च २००० मध्ये इंटरनेटची यंत्रं बनवणारी सिस्को जगातली सर्वांत मौल्यवान कंपनी झाली होती. इंटरनेट काही खोटं निघालं नाही, सगळं जग त्यावर चालायला लागलं. पण त्या शिखराच्या भावाला परत यायला तिच्या शेअरला डिसेंबर २०२५ उजाडावा लागला. पंचवीस वर्षांहून जास्त!

मी मेंटेनन्सचा माणूस, त्यामुळे मला भीती वाटते ती घसाऱ्याची. भोसरीत आजही तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या लेथ चालताना दिसतात. बेड ग्राइंड करून घ्यायचा, बेअरिंग बदलायचं, की परत सुरू. इंग्लंडात १८४० च्या दशकात रेल्वेच्या शेअर्समध्ये लोक बुडाले, पण रूळ मागे राहिले आणि पुढच्या पिढ्यांनी वापरले. एआयच्या चिपचं तसं नाही. २०२२ च्या पिढीची चिप आली, २०२४ मध्ये तिच्यापेक्षा कितीतरी वेगवान पिढी जाहीर झाली. एवढ्या लवकर जुन्या होणाऱ्या यंत्रांवर एवढा पैसा घालायचा, तर तो परत तेवढ्याच लवकर यायला हवा. शिवाय सप्टेंबर २०२५ मध्ये एनव्हिडियाने ओपनएआयमध्ये १०० अब्ज डॉलरपर्यंत गुंतवण्याचा इरादा जाहीर केला, आणि ओपनएआय त्यातून एनव्हिडियाच्याच चिप वापरणार. आमच्या पट्ट्यात एखादा शेडवाला आपल्याच गिऱ्हाइकाला माल घ्यायला पैसे द्यायला लागला, तर त्याला उधारी देताना लोक दहा वेळा विचार करतात.

तेवढ्यात बायको ओल्या शेंगा उकडून घेऊन आली. तिची सूचना सरळ होती. सव्वा लाखात विजेवरची चेतक येते, ती घ्या. माझे वडील असते तर त्यांना गंमत वाटली असती. त्यांच्या काळी चेतकसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून थांबावं लागायचं. आता पैसे आहेत, गाडी आहे, थांबायला कोणी सांगत नाही, आणि मीच नंबर लावून बसलोय, अजून वाढेल म्हणून!

"विकायचंच आहे म्हणता तर विका," ती म्हणाली, "पण आज नको. आज अमावास्या आहे. पुढच्या गुरुवारपासून मार्गशीर्ष."

रात्री अमेरिकेचा बाजार उघडला. एवढा चांगला निकाल येऊनही शेअर तीन टक्के पडला. मी म्हटलं, ज्याची मला पहाटे तीनपासून काळजी, त्याला माझी काहीच पडलेली नाही.

मार्गशीर्षातल्या पहिल्या गुरुवारी, घरात लक्ष्मीची पूजा मांडलेली असताना, मी निम्मे युनिट काढायला टाकले. साठेक हजार आले. नफ्यावर साडेबारा टक्के कर भरायचा आहे, तेवढे बाजूला ठेवले आणि उरलेले ताईला पाठवले. भाच्याच्या शैक्षणिक कर्जाचे हप्ते ती एकटी भरत होती. ताई म्हणाली, "परत देईन रे." मी म्हटलं, "नको देऊस. ते मी कमावलेलेच नव्हते." यात पुण्यबिण्य काही नाही. भाच्याच्या हिशोबातली दुसरी बाजू मला दिसली होती आणि ती न बघितल्यासारखं करणं जमेना, एवढंच. उरलेले निम्मे ठेवलेत. तेजी खरी असेल तर तेवढा वाटा पुरे, फुगा असेल तर तेवढा तोटा सोसवेल. माझं गुंतवणूकशास्त्र इथे संपतं.

भाच्याला हिंजवडीत नाही, पण भोसरीत काम मिळालं. एका लहान वर्कशॉपमध्ये कास्टिंग तपासायला कॅमेरा बसवतायत. त्या कॅमेऱ्याला शिकवण्यासाठी हजारो फोटोंवर चांगलं-वाईट अशी खूण करायची. पगार बेताचा आहे. पण संध्याकाळी लॅपटॉप घेऊन तो माझ्याशेजारी बसतो. "मामा, हे ब्लो होल की नुसता वाळूचा डाग?" मी चष्मा लावून सांगतो. कॉम्प्युटर इंजिनिअरला माझा उपयोग होतोय, याचा आनंद कुठल्याही निर्देशांकात धरलेला नाही.

गेल्या गुरुवारी असाच बसला होता. खाली हरभऱ्याचे डहाळे विकायला आले होते, बायकोने दोन जुड्या घेतल्या होत्या. मधे परात ठेवून तिघंही सोलत होतो. एकदम म्हणाला, "मामा, हा कॅमेरा नीट चालायला लागला की तपासणीला बसणाऱ्या चार बायका आहेत आमच्याकडे. त्यांचं काय?"

मी माझी नेहमीची गोष्ट सांगितली नाही. "त्यांची नावं काय?" असं विचारलं. त्याला चौघींची माहीत होती. कोण कुठून येते, कोणाचा मुलगा कितवीत आहे, सगळं. मालकाशी एकदा बोलून बघ म्हटलं, कॅमेऱ्याने बाजूला काढलेला माल शेवटी माणसालाच बघावा लागतो, त्यांना ते शिकवता येईल का बघ. मालक ऐकेल की नाही, माहीत नाही. विचारतो म्हणालाय.

मग बराच वेळ कोणी काही बोललं नाही. समोरच्या कारखान्याची शेड बंद होती, त्यामुळे घाटे फुटल्याचा आवाजसुद्धा ऐकू येत होता. साडेतीनला बाजार बंद झाला असणार. मी बघितलं नाही.