विहिरीत टेप सोडण्याआधी

विहिरीची पातळी मोजायला सामान थोडंच लागतं: पोलादी टेप, खडू आणि वही. टेपच्या खालच्या टोकाला हातभर खडू फासायचा, टेप पाण्यात सोडायची आणि काठावरच्या ठरलेल्या खुणेशी आकडा वाचायचा. वर ओढल्यावर जेवढी टेप भिजली तेवढं वजा करायचं, मग काठाची जमिनीपासूनची उंची वजा करायची. झाली पातळी.

खरं काम त्याआधीचं, चौकशीचं. मोटर कधी बंद केली? शेजारची बोअर चालू आहे का? कालव्याला पाणी सुटलंय का? उपसा नुकताच थांबला असेल तर झरे अजून विहीर भरत असतात. तेव्हाचा आकडा वहीत घ्यायचा नाही. थांबायचं आणि पुन्हा मोजायचं.

थांबलेल्या वेळात मी वाकून भिंत बघतो. वर मुरूम, खाली भेगाळलेला दगड, मग पांढऱ्या ठिपक्यांचा मांजऱ्या, कुठे लाल मातीचा पट्टा, तळाशी काळा पाषाण. महाराष्ट्राचा चार पंचमांश भाग अशा लाव्हाच्या थरांचा आहे. भिंतीला जिथे शेवाळ धरलंय, तिथे पाझर.

या खडकात पाणी मुळात कमी मावतं. झिजलेल्या बेसाल्टमधून निथळून हाती येतं ते आकारमानाच्या जेमतेम दोन टक्के. म्हणजे हेक्टरभर रानाखाली पातळी एक मीटर चढली, तर साठा वाढला फक्त २०० घनमीटरने. त्याच हेक्टरातल्या गव्हाला सहा सेंटीमीटरची एक पाळी द्यायची, तर ६०० घनमीटर लागतात. एका पाळीत तीन मीटर पातळी खर्च! पावसाळ्यात विहिरी भराभर चढतात आणि उन्हाळ्याच्या आधीच तळ दाखवतात, ते यामुळेच.

‘साहेब, माझ्या विहिरीत पाणी किती?’ हा प्रश्न हमखास येतो. पण हिशेब तिथेच अडतो. चार पाळ्या दिल्यावरही विहीर आटत नाही, कारण तूट शेजाऱ्याच्या रानाखालून भरून निघते. विहीर सातबाऱ्यावर एकाच्या नावे असते. खडकाला बांध ठाऊक नसतो. म्हणून ऑक्टोबरची मोजणी झाली की सगळ्या विहिरींचे आकडे मी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर मांडायला सांगतो, मागच्या ऑक्टोबरच्या आकड्यांशेजारी. गहू किती आणि हरभरा किती, हे गावाने पेरणीआधी एकत्र बसून ठरवायचं असतं. मार्चमध्ये नुसतं भांडण उरतं.